आखाजीच्या उन्हात गाडी पुन्हा पुन्हा तापते? आधी बघा, ती कधी तापते

खान्देशात चैत्र लागला की जुन्या सात-आठ सीटर गाड्यांची एकच तक्रार सुरू होते. तापमानाचा काटा वर चढतो, बॉनेटखालून वाफ निघते, मग रस्त्याकडेच्या लिंबाखाली गाडी लावून पिण्याच्या बाटल्या रेडिएटरमध्ये रिकाम्या होतात. दुसऱ्या दिवशी मिस्त्री रेडिएटरची कॅप बदलतो, नाहीतर एखादा होज पाईप, नाहीतर रेडिएटर धुऊन देतो. आठ-दहा दिवस बरे जातात. पुढच्या लग्नाला घरची सगळी मंडळी घेऊन निघालं की पुन्हा तेच.

क्वालिस 2005 मध्ये बंद झाली, टवेरा 2017 मध्ये. तरी पारोळा, शिरपूर, शहादा, रावेर या बाजूला घरोघरी त्या अजून चालतात. जोडीला सुमो, बोलेरो आणि सुरुवातीच्या इनोव्हा आहेतच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुऱ्हाळी जायचं, दोन लेकींना त्यांच्या मुलाबाळांसकट माहेरी आणायचं, तर छोटी गाडी पुरत नाही आणि नवी मोठी घेणं प्रत्येकाला परवडत नाही. आमच्याही घरी अशीच एक डिझेलची आठ-सीटर आहे आणि ती अजून बरीच वर्षं चालावी अशी घरातल्या सगळ्यांचीच इच्छा आहे. म्हणून या तापण्याच्या दुखण्याबद्दल सविस्तर लिहितोय.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. गाडी तापते हे कळल्यावर एकेक पार्ट बदलत सुटू नका. ती कधी तापते हे आधी नीट बघा. उभी असताना, पळताना, घाट चढताना, की सकाळी सुरू करून पाच मिनिटांत? तेवढ्या एका उत्तरावर निम्मा शोध संपतो. आमचे मिस्त्री चाचा गाडीला हात लावायच्या आधी हेच विचारतात: "आप्पा, उभी तापते का चालती तापते?" याचं उत्तर ज्याच्याकडे असतं त्याची गाडी एकदाच दुरुस्त होते, असा माझा अनुभव आहे.

हिवाळ्यात बरी असते, उन्हाळ्यातच का बिघडते?

बिघाड बहुतेक वेळा हिवाळ्यातही असतोच, फक्त झाकलेला असतो. इंजिनमधलं पाणी साधारण 90 अंशांवर फिरतं. रेडिएटर त्यातली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि ती किती जाईल हे दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिसेंबरच्या दुपारी हवा 25 अंशांची असेल तर फरक 65 चा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 वर गेला की तोच फरक 45 उरतो. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, पण काम जवळपास तीस टक्क्यांनी कमी. त्यात एसी लावला की रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमधून, म्हणजे एसीच्या जाळीतून, हवा आणखी तापूनच आत येते. मागच्या सीटसाठी वेगळा एसी असलेल्या गाड्यांत हा भार जास्त असतो. गाडीत आठ माणसं आणि वर कॅरिअरवर सामान हे वेगळंच. नव्या गाडीच्या रेडिएटरमध्ये एवढ्यासाठी राखीव ताकद असते. पंधरा वर्षांच्या गाडीत ती थोडी रेडिएटरने, थोडी पंख्याने, थोडी कॅपने खाल्लेली असते. म्हणूनच एक पार्ट बदलला की थोडं बरं वाटतं आणि ऊन वाढलं की दुखणं परत येतं.

रस्त्यात काटा चढला तर

तपासणी नंतर, आधी इंजिन वाचवायचं. काटा मधल्या जागेवरून वर सरकताना दिसला की लगेच एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा, काचा खाली करा. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक लहान रेडिएटरच. तो उघडला की इंजिनची थोडी उष्णता गाडीत येते. मे महिन्यात हे सोसवत नाही, पण पुढचं गाव गाठायला तेवढ्याने मदत होते. तरीही काटा लालकडे जात असेल तर सावली शोधत बसू नका, जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे थांबा.

कॅप गरम असताना उघडू नका. आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असतं. कॅप सैल होताच ते उकळून तोंडावर-हातावर येतं. वरचा जाड पाईप हाताने दाबता येईल इतका थंड आणि मऊ होईपर्यंत थांबा. उन्हाळ्यात याला पाऊण तास सहज लागतो. तापलेल्या इंजिनवर किंवा रेडिएटरवर बाहेरून गार पाणी मारू नका, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. पाणी भरायचं ते गाडी निवल्यावर, इंजिन रेसवर न नेता, हळूहळू.

आणखी एक गोष्ट चालवणाऱ्या प्रत्येकाला, घरातल्या मुलांनाही, सांगून ठेवा. चढलेला काटा अचानक खाली पडला तर गाडी थंड झाली असं समजू नका. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी संपून त्याच्याभोवती नुसती हवा उरली की काटा खाली येतो आणि इंजिन आतून जळत राहतं. काटा खाली आला, पण हीटरमधून गरम हवा यायची बंद झाली, तर त्याच क्षणी इंजिन बंद करा. हेड वाकण्याची कितीतरी प्रकरणं या गैरसमजातून होतात.

उभी असताना तापते, पळताना बरी

धुळ्याच्या बाजारात, टोलनाक्याच्या रांगेत, फाटकाशी काटा वर जातो आणि महामार्गावर लागल्यावर आपोआप खाली येतो, तर शंका पंख्यावर घ्यायची. पळताना हवा समोरून मिळते, उभ्या गाडीला ती पंख्यानेच ओढून द्यावी लागते.

या जातीच्या गाड्यांत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं असतं आणि मोठा पंखा बेल्टवर फिरतो. बहुतेकांत पंखा आणि पुली यांच्या मध्ये एक विस्कस क्लच असतो. त्यात सिलिकॉन तेल असतं. पुढच्या बाजूला असलेली पत्र्याची बारीक गुंडाळी रेडिएटरमधून येणाऱ्या गरम हवेने फिरते, आतली झडप उघडते, तेल क्लचमध्ये पसरतं आणि पंखा पुलीच्या जोडीने जोरात फिरू लागतो. गाडी थंड असली की तो निवांत फिरतो. वर्षांनुवर्षांत हे तेल झिरपून जातं. मग पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. डोळ्यांना सगळं ठीक दिसतं, म्हणूनच हा बिघाड सगळ्यात जास्त वेळा सुटतो.

तपासायला सोपं आहे. गाडी चांगली गरम करा, मग इंजिन बंद करून चावी खिशात ठेवा. पंख्याचं पातं हाताने फिरवा. त्याने अडून राहायला हवं. एका हिसक्यात तो दोन-तीन फेरे मोकळाच फिरला तर क्लच गेला. क्लचच्या मध्यभागी काळपट तेलकट गोल दिसला तर खात्रीच समजा. चांगल्या क्लचचा आवाजही ओळखता येतो. गाडी तापल्यावर रेस दिली की पंख्याची घरघर वाढते, थोड्या वेळाने ओसरते. ही घरघर कधीच ऐकू येत नसेल तर क्लच लागत नाही.

आपल्याकडे यावर एक उपाय सर्रास होतो: बोल्ट मारून किंवा वेल्डिंग करून पंखा डायरेक्ट करायचा. घरी पोचण्यापुरता तो चालेल. कायमचा करू नका असं मी आग्रहाने सांगेन. मग पंखा महामार्गावर इंजिनच्या पूर्ण वेगाने फिरतो, डिझेल जास्त जातं, वॉटर पंपाच्या बेअरिंगवर ताण येतो आणि जुनं प्लास्टिकचं पातं तुटलं तर ते रेडिएटरमध्येच घुसतं. क्लच नवा घ्या.

पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं काउलही बघा. अपघातात किंवा कामात ते तुटतं आणि मिस्त्री ते परत लावत नाही, "काही फरक पडत नाही" म्हणतो. फरक पडतो. काउल नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. बेल्ट सैल किंवा चकचकीत झाला असेल तर तो बदला. एसी लावल्यावर कंडेन्सरचा छोटा इलेक्ट्रिक पंखा सुरू होतो का तेही उभ्या गाडीत बघून घ्या. तो बंद असेल तर एसीही गार करत नाही आणि इंजिनही तापतं.

पळताना किंवा चढावर तापते

चाळीसगावहून कन्नड घाट, धुळ्याबाहेर लळिंग, साक्रीकडून कोंडाईबारी, शिरपूरच्या पुढे बिजासन, नाहीतर वणीच्या गडाला नांदुरीवरून चढणारा घाट: इथे काटा वर जात असेल आणि गावात बरी असेल, तर हवेपेक्षा पाण्याचा संशय घ्यायचा. पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर आतून-बाहेरून तुंबलेला आहे.

आधी बाहेरून. ग्रिल काढा आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीच्या या फटीत कापसाचे तंतू, किडे, मातीची भुकटी यांचा नमद्यासारखा थर बसलेला सापडतो. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, घाण त्याच्या मागे असते. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर जाते. सर्व्हिसिंगचा जोराचा प्रेशर जवळून मारू नका, पातळ पत्री वाकून कायमची बंद होतात. बागेच्या नळीएवढा दाब पुरे. कधीकधी कंडेन्सरचे बोल्ट सैल करून तो जरा पुढे ओढावा लागतो. एवढे कष्ट घ्या, गुण येतो.

समोर लावलेलं लोखंडी बंपर गार्ड काढून टाका. केंद्राने 2017 मध्येच त्यावर बंदी घातली आहे, शिवाय ते आणि त्यावरचे जादा दिवे हवा अडवतात. यात्रेला जाताना ग्रिलवर बांधलेले झेंडूचे जाड हार आणि कापडी झालरही घाट चढायच्या आधी बाजूला घ्या.

आता आतून, आणि हा आपल्या भागाचा खरा रोग आहे. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी जातं. शेतातल्या मोटरवर पाइप लावून टाकी भरायची सवयच आहे. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की क्षार आणखी वाढतात. हे पाणी तापलं की क्षार वेगळे होऊन नळ्यांच्या आत चिकटतात. आमच्या गाडीचा रेडिएटर उघडला तेव्हा रेडिएटरवाल्याने वरची टाकी काढून मला आतलं दाखवलं होतं. जुन्या माठाला बाहेरून चढतो तसला पांढरा खरबरीत थर सगळीकडे होता. मधल्या नळ्यांची तोंडं जेमतेम उघडी होती, कडेच्या तर पार बुजलेल्या. त्याने एका नळीत पातळ पोलादी पट्टी घातली, ती दोन बोटं जाऊन अडली. बाहेरून हाच रेडिएटर धुतलेला, काळा रंग दिलेला, नवा दिसत होता.

उघडल्याशिवाय अंदाज घ्यायचा असेल तर गाडी चांगली चालवून आणा, इंजिन बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवर ठिकठिकाणी हात जवळ नेऊन बघा. मध्येच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाही. बंदुकीसारखा तापमापक मिळाला तर आणखी चांगलं, हात भाजत नाही.

पितळी-तांब्याचा रेडिएटर असेल तर टाकी काढून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत पट्टी घालून आतला थर खरवडणं, करून घेता येतं. ते चांगलं काम आहे, अजून भुसावळ-धुळ्याकडे करणारे जुने कारागीर आहेत. ॲल्युमिनियमचा, वर प्लास्टिकची टाकी असलेला असेल तर रॉडिंगच्या नादी लागू नका, नवा बसवा. ॲल्युमिनियमला ॲसिडने धुऊन देतो म्हणणाऱ्याला तर साफ नाही म्हणा. क्षारासोबत नळ्याही खाल्ल्या जातात आणि महिनाभरात जागोजागी गळती लागते. प्लास्टिकच्या टाकीचा रंग विटून तपकिरी झाला असेल आणि पत्र्याच्या कडेला पांढरट-हिरवट डाग दिसत असतील तर ती केव्हा फुटेल सांगता येत नाही.

खालचा होज पाईपही बघायचा. कुणाला तरी इंजिन गरम असताना 2500-3000 आरपीएमपर्यंत रेस द्यायला सांगा आणि तुम्ही खालच्या पाईपकडे पाहा, हात पंख्यापासून लांब ठेवून. पंप इथून पाणी ओढतो. पाईप आतून सडून मऊ झाला असेल तर तो रेस दिल्यावर चपटा होतो आणि पाणी अडतं. रेस सोडली की पुन्हा फुगतो. त्यामुळे इंजिन बंद किंवा आयडलवर असताना हा दोष कधीच सापडत नाही. वॉटर पंपाला खाली एक लहानसं छिद्र असतं. तिथून ओघळ दिसला तर आतलं सील गेलं आहे. पंप बदलताना जुन्याची पाती बघा. साध्या पाण्यावर चाललेल्या पंपाची लोखंडी पाती गंजून झिजलेली असतात, पंप फिरतो पण पाणी ढकलत नाही.

चढावर तापण्याची दोन कारणं इंजिनच्या बाहेरही असतात: घसरणारी क्लच प्लेट आणि धरून ठेवणारा ब्रेक. घाटातून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा. एकच चाक जास्त गरम असेल तर आधी ब्रेक मोकळा करा.

पाणी कोणतं, कूलंट किती

कूलंट थंडीसाठी असतं आणि आपल्याकडे बर्फ पडत नाही, असं म्हणणारे बरेच भेटतात. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोठणबिंदू खाली नेतं तसाच उकळबिंदू वर नेतं. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं. त्यावर 0.9 बारची चांगली कॅप असेल तर सव्वाशेच्या आसपास. साधं पाणी आणि सैल कॅप म्हणजे शंभरालाच खेळ संपला. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे, तिथे उघडं पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. राणीपूरवरून चढून वर पोचलेल्या गाड्यांना वाफ का सुटते ते यावरून लक्षात येईल. गंज आणि क्षार थांबवणारी रसायनं कूलंटमध्ये असतात, ती पाण्यात नसतात.

हिरवं आणि लाल-गुलाबी कूलंट एकमेकांत मिसळू नका. नुसत्या रंगावर विसंबू नका, गाडीच्या पुस्तकात कोणत्या प्रकारचं सांगितलं आहे ते बघा. वेगळ्या जातीची मिसळली तर चिकट गाळ धरू शकतो. आधी काय घातलं आहे हे माहीत नसेल तर पूर्ण निचरा करून, हीटर उघडा ठेवून, डिस्टिल्ड वॉटरने निवळ येईपर्यंत फ्लश करा आणि मग नव्याने भरा. रस्त्यात नाइलाजाने विहिरीचं पाणी घातलं तर हरकत नाही, पण घरी आल्यावर आठवडाभरात ते काढा. गळती थांबवायला हळद टाकायची जुनी युक्ती आहे. गावी पोचायला ती चालते, पण नंतर ती हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते, म्हणून तेव्हाही फ्लश करावाच.

भरल्यावर हवा काढणं महत्त्वाचं. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, कॅप उघडी, हीटर गरमवर, इंजिन आयडलवर. वरचा पाईप अधूनमधून दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप, उघडून वरचा आणि खालचा दोन्ही पाईप गरम झाले की कॅप लावा. रेडिएटर बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी तापली, अशा तक्रारीत बऱ्याचदा नुसती हवा अडकलेली असते.

कॅप स्वस्त आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. तिचं वरचं रबर दाब धरतं, मधली छोटी झडप गाडी निवताना बाजूच्या जादा कूलंटच्या बाटलीतलं कूलंट परत आत ओढते. बाटली भरून वाहते आणि रेडिएटर मात्र रिकामा, असं होत असेल तर दोष कॅपचा किंवा दोघांमधल्या बारीक नळीचा असतो. नवी घेताना जुन्यावरचा आकडा बघून तेवढ्याच दाबाची घ्या. जास्त दाबाची घातली तर जुने पाईप आणि प्लास्टिकची टाकी फुटते.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

"वॉल काढून टाकतो, उन्हाळ्याची कटकट नको." हे वाक्य आपल्याकडच्या गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतं. अडकलेला थर्मोस्टॅट काढणं बरोबर, पण त्या जागी नवा बसवायलाच हवा. अनेक इंजिनांत याच थर्मोस्टॅटच्या दुसऱ्या टोकाला एक चकती असते. पाणी तापलं की ती बायपासचा रस्ता बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे वळवते. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटता इंजिनमध्येच फिरत राहतो. म्हणजे ज्या उन्हासाठी काढला, त्याच उन्हात गाडी जास्त तापते. हिवाळ्यात इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त लागतं आणि झीज वाढते, हे आणखी वेगळं.

थर्मोस्टॅट घरी तपासता येतो. त्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो. पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याने त्यात तळाला न टेकता लटकवा आणि गॅसवर ठेवा. पाणी उकळीला येईपर्यंत तो आठ-दहा मिलिमीटर उघडायला हवा आणि बाहेर काढल्यावर गार होताना पूर्ण मिटायला हवा. नवा घेतलेलाही एकदा असा बघून मगच बसवा.

सकाळी सुरू केल्यावर लगेच तापते किंवा पाणी गायब होतं

इथे काळजीपूर्वक वाचा, कारण आता प्रश्न हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्या मधल्या सीलचा आहे. कुठेही गळती दिसत नाही, खाली डाग नाही, पायापाशी मॅटिंग ओलं नाही, तरी दर आठवड्याला पाणी कमी होतं. सगळे पार्ट बदलून झाले तरी तापणं थांबत नाही. अशा वेळी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, कॅप उघडा. रात्रभर निवलेल्या गाडीच्या कॅपमधून फुस्स करून दाब निघाला तर ती धोक्याची खूण आहे. थंड पाण्याला दाब नसतो, हा दाब सिलिंडरमधल्या गॅसचा असतो. मग कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा. पहिले काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात. पण ते थांबतच नाहीत आणि रेस दिल्यावर वाढतात, किंवा सुरू केल्यापासून मिनिट-दोन मिनिटांतच, पाणी गार असताना, वरचा पाईप दगडासारखा कडक होतो, तर गॅस्केट गेलं आहे किंवा हेडला तडा आहे. रेडिएटरच्या तोंडावर धरून रंग बदलणारं रसायन वापरायची एक चाचणी मोठ्या गॅरेजमध्ये होते, ती करून घ्या. इंजिन ऑइल दुधाळ झालं असेल तर गाडी अजिबात सुरू करू नका, टो करून न्या.

हेड उतरवायचं ठरलं की तीन गोष्टी मिस्त्रीशी आधीच बोलून ठेवा. पहिली, हेडची सपाटी पट्टी लावून मोजायची आणि तड्यासाठी प्रेशर टेस्ट करायची, नुसतं फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून, परत बसवायचं नाही. दुसरी, डिझेल इंजिनांची गॅस्केट बहुधा वेगवेगळ्या जाडीची येतात. काठावरच्या खाचांवरून जाडी ओळखतात आणि पिस्टन किती वर येतो ते मोजून निवडतात. जुन्यावर किती खाचा होत्या ते बघा, जमल्यास फोटो काढून ठेवा. तिसरी, हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच, ठरलेल्या क्रमाने आवळायचे, आणि पुस्तकात नवे सांगितले असतील तर नवेच घालायचे. आणि मूळ कारण, म्हणजे तुंबलेला रेडिएटर किंवा मेलेला पंखा, त्याच कामात दुरुस्त झालंच पाहिजे. ते तसंच ठेवून बांधलेलं इंजिन पुढच्या उन्हाळ्यात परत उघडावं लागतं. पुन्हा पुन्हा तापणाऱ्या गाड्यांमागे माझ्या पाहण्यात हेच कारण सर्वांत जास्त वेळा निघालं आहे.

हे मोठं काम काढण्याआधी आरसीवरची तारीखही बघून घ्या. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर फॉर्म 25 भरून, आरटीओत गाडी दाखवून, पाच-पाच वर्षांनी ती वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत जवळ आली असेल तर हे दोन्ही खर्च एकत्र धरून निर्णय घ्या. माझं मत विचाराल तर पत्रा आणि चेसिस धड असेल, गंज नसेल, तर हेडचं काम करून गाडी ठेवावी. आपल्याकडची कोरडी हवा पत्र्याला चांगली आहे, कोकणातल्या गाड्यांसारखा तो सडत नाही.

तपासणीची योग्य वेळ गुढीपाडव्याच्या आसपास. तेव्हा ऊन तापू लागलेलं असतं, दोष दिसतो, आणि आखाजी, वणीची चैत्री यात्रा, वैशाखातली लग्नं यांच्या आधी पार्ट मागवायला वेळ मिळतो. आखाजीच्या आदल्या आठवड्यात गॅरेजमध्ये रांग असते आणि घाईत कॅप बदलून गाडी परत मिळते. मिस्त्रीकडे जाताना कागदावर चार ओळी लिहून न्या: काटा कुठे चढला, वेग किती होता, एसी चालू होता का, पाणी किती कमी झालं. "गाडी तपी गयी" एवढंच सांगितलं तर त्याच्या हातात काही नसतं.

गाडीत पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, थोडं कूलंट, एक जास्तीचा बेल्ट, दोन होज क्लिप आणि कॅपवर धरायला जाड फडकं ठेवा. घाटात एसी बंद करून, वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवत न ठेवता, एक गिअर खाली घेऊन चढा. इंजिन जरा वेगात फिरलं की पंप आणि पंखा दोन्ही जास्त काम करतात. माथ्यावर पोचल्यावर चहाला थांबलात तरी इंजिन लगेच बंद करू नका. दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या, म्हणजे हेडमध्ये साठलेली उष्णता पाण्याबरोबर निघून जाते आणि टर्बो असेल तर त्याच्या बेअरिंगलाही तेवढा वेळ तेल मिळतं.